सवलतीचे कार्ड आणि आरोग्य विमा

मंडळी, अमेरिकेत फार्मसीच्या काउंटरवर मी अनेक वर्षे काम करते आहे, आणि औषधांचे सवलत-कार्ड फुकट मिळत असताना विम्याचा हप्ता कशाला भरायचा, हा प्रश्न मला आपल्या मराठी माणसांकडूनही वारंवार ऐकायला मिळतो.

ते कार्ड नीट पाहा. त्यावर बिन, पीसीएन, ग्रुप आणि मेंबर असे चार क्रमांक असतात. ते संगणकात भरले की मागणी 'पीबीएम'कडे, म्हणजे औषधांच्या दरांची घासाघीस करणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे जाते आणि तिने फार्मसीशी आधीच ठरवलेला दर पडद्यावर उमटतो. तो दर पूर्णपणे तुम्हीच भरायचा असतो. कार्डवाली कंपनी पदरचा एक सेंटही घालत नाही. फार्मसीने मध्यस्थाला दिलेल्या शुल्कातून तिलाच वाटा मिळतो. विमा कंपनी मात्र, तुमचा डिडक्टिबल, म्हणजे विम्याची मदत सुरू होण्याआधी दरवर्षी स्वतः भरायची ठरावीक रक्कम, भरून झाला की, औषधाच्याच नव्हे तर शस्त्रक्रियेच्या आणि रुग्णालयाच्या बिलाचाही मोठा भार उचलते.

तरीही साध्या जेनेरिक गोळ्यांना कित्येकदा विम्यापेक्षा कार्डाचाच दर कमी असतो, हे मी स्वतः रोज पाहते. पूर्वी तर काही करारांमुळे फार्मासिस्टला हे ग्राहकाला आपणहून सांगायचीही मुभा नव्हती; समोरचा माणूस जास्त को-पे (विमा असतानाही औषधामागे स्वतः द्यायचा वाटा) मोजतो आहे हे दिसत असूनही गप्प राहायचे, ही गोष्ट मला आजही सलते. ऑक्टोबर 2018 मध्ये दोन संघीय कायद्यांनी अशा अटींवर बंदी आणली. तेव्हा दोन्ही दर निःसंकोच विचारा. मात्र एका खरेदीवर कार्ड आणि विमा एकत्र चालत नाहीत, आणि कार्डावर भरलेले पैसे सहसा डिडक्टिबलमध्ये धरले जात नाहीत. म्हणून ज्यांना वर्षभर महागडी औषधे लागणार आहेत, त्यांना आजची दहा डॉलरची बचत पुढे महागात पडू शकते.

आणखी एक बाब. फेब्रुवारी 2023 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने गुडआरएक्स या प्रसिद्ध कार्ड-कंपनीवर ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती फेसबुक, गूगल यांना दिल्याचा ठपका ठेवला आणि कंपनीने 15 लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत मात्र कार्ड खरोखर उपयोगी पडते, कारण त्यांच्या प्रवासी विम्यात जुन्या आजाराची नेहमीची औषधे बहुधा नसतात. रक्तदाबाची शेवटची गोळी उरलेली पट्टी घेऊन मुले माझ्याकडे धावत येतात, पण इथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी ते औषध देऊ शकत नाही, आणि पट्टीवरचे भारतीय ब्रँडनाव इथे सहसा कोणाला कळत नाही. त्याखाली बारीक अक्षरांत टेल्मिसार्टन किंवा असे जे मूळ नाव छापलेले असते, ते आणि त्याचे मिलिग्रॅम एका कागदावर उतरवून घ्या, पट्टी संपायच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांची वेळ घ्या, आणि मग कार्ड घेऊन काउंटरवर या.