गवत न कापणारे यंत्र

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या दिवाळीनंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपच्या दारात एक विचित्र वस्तू येऊन पडली. हिरवळ कापण्याचे, ट्रॅक्टरसारखे वर बसून चालवायचे ते यंत्र एका कारखान्याच्या बागेत दहाबारा वर्षे राबलेले होते आणि ते भंगाराच्या भावाने उचलून आणण्याचा पराक्रम माझ्या भाच्याने केला होता. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "मामा, हे पळवायचं," एवढेच तो म्हणाला. ताशी आठ किलोमीटरच्या पुढे न जाणारे, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाच्या थोडेसेच पुढे राहणारे यंत्र पळवायचे, हे ऐकून मी हसलो. पण चाळीस वर्षे लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला असले काही सांगितले की हसून झाल्यावर त्याची नजर आपोआप पुलीकडे जाते.

हा खेळ भाच्याच्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ट्वेल्व्ह माइल नावाच्या छोट्या गावात 1963 पासून गवत कापण्याच्या यंत्रांच्या, म्हणजे मॉवरच्या, शर्यती होत आल्या. इंग्लंडमध्ये 1973 साली वेस्ट ससेक्समधल्या विस्बरो ग्रीन या गावी पबमध्ये बसलेल्या जिम गॅव्हिन आणि त्यांच्या मित्रांना असा प्रश्न पडला की मोटारींच्या शर्यती पैसेवाल्यांच्या हाती गेल्या असताना साध्या माणसाला परवडेल असे काय शर्यतीत उतरवता येईल. गावातल्या बहुतेकांच्या शेडमध्ये गवत कापण्याचे यंत्र होतेच, तेव्हा उत्तर समोरच होते. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेने रोख बक्षीस ठेवायचे नाही आणि खेळाचा बाजार होऊ द्यायचा नाही हे पथ्य पाळले, आणि 1978 पासून रात्रभर चालणारी बारा तासांची शर्यतही सुरू केली. स्टर्लिंग मॉस यांच्यासारखा नामांकित मोटार शर्यतपटू त्या शर्यतीत उतरला होता. 2014 साली होंडाच्या एका यंत्राने ताशी 187 किलोमीटरचा विक्रम केला हेही खरे, पण त्यात इंजिन मोटरसायकलचे होते. मला विचाराल तर ती मोटरसायकलच, अंगावर फक्त मॉवरचा सदरा चढवलेली. आमच्यासारख्यांना रस आहे तो मूळच्या इंजिनातून आणि मूळच्या सांगाड्यातून काय काढता येते यात.

पहिले काम पाती काढण्याचे. जगात जिथे जिथे या शर्यती होतात तिथे हा नियम पहिला असतो आणि त्यावर वाद नसतो. पाती, पात्यांचा पट्टा आणि खालचा पत्र्याचा डबा सगळे काढल्यावर यंत्र हलके होते आणि आत एक साधा सांगाडा उरतो. पुढच्या बाजूला उभ्या शाफ्टचे एक सिलिंडरचे इंजिन, त्याच्या खालच्या टोकाला पुली, तिथून पोटाखालून आडवा गेलेला व्ही-पट्टा, आणि मागच्या चाकांमध्ये बसवलेला गिअरबॉक्स. क्लच म्हणजे पायाने दाबला की पट्टा सैल करणारी एक छोटी पुली, बस्स.

आता हिशेब पाहा. आमच्या यंत्राचे इंजिन मिनिटाला 3600 फेरे करते. इंजिनाची पुली तीन इंची, गिअरबॉक्सची सहा इंची, म्हणजे गिअरबॉक्समध्ये 1800 फेरे शिरतात. वरच्या गिअरला गिअरबॉक्स वीस फेऱ्यांना एक फेरा देतो, म्हणजे चाकाला मिनिटाला नव्वद फेरे मिळतात. अठरा इंची टायरचा परीघ साधारण एक मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर धरला तर वेग येतो ताशी पावणेआठ किलोमीटर. आता काहीही विकत न आणता या दोन पुल्यांची अदलाबदल केली, म्हणजे सहा इंची इंजिनावर आणि तीन इंची गिअरबॉक्सवर बसवली, तर वेग चौपट होऊन एकतीस किलोमीटर होतो. दोन्ही शाफ्टचे माप वेगळे असल्याने भोके मोठी करणे, बुश घालणे, चावीची खाच पाडणे एवढे लेथचे काम करावे लागते, ते उद्यमनगरात चहा येईपर्यंत होते. मात्र वेग चौपट झाला की चाकाला मिळणारा जोर चौथाई होतो, त्यामुळे यंत्र जागचे निघताना कण्हते आणि पट्टा घसरून जळाल्याचा वास येतो. शिवाय ग्रीस भरलेला तो गिअरबॉक्स इतक्या फेऱ्यांसाठी बनवलेलाच नसतो. आमचा दहा मिनिटांत इतका तापला की त्यावर हात ठेववेना. म्हणूनच पुढे गेलेले लोक तो काढून टाकतात आणि आडवा सरळ एक्सल, स्प्रॉकेट म्हणजे दातेरी चाक आणि चेन बसवतात, अगदी गो-कार्ट या शर्यतीच्या चिमुकल्या गाडीसारखे. कोल्हापुराजवळ गो-कार्टचा ट्रॅक असल्यामुळे असा एक्सल डोळ्यांनी पाहिलेली मुले इथे भरपूर आहेत, ही आमची मोठी सोय झाली.

एवढ्यावर भाचा खूश होता. पण मी ठरवले की वेग वाढण्याआधी थांबणे आणि वळणे सुधारले पाहिजे, आणि इंजिनाला सगळ्यांत शेवटी हात लावायचा. त्याला हा क्रम अजूनही पटलेला नाही. मूळ यंत्राचा ब्रेक म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला असलेली तळहाताएवढी चकती. आठ किलोमीटरला ती पुरते, तीसला तिचा नुसता धूर होतो. आम्ही एक्सलवर स्कूटरची डिस्क आणि कॅलिपर बसवला.

पुढच्या बाजूची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण खरी खोड तिथे होती. या यंत्राचा पुढचा एक्सल मधोमध एका पिनवर तराजूसारखा डुलतो, म्हणजे खड्ड्यावरून जाताना चारही चाके जमिनीला टेकून राहतात. चाके फिरवणाऱ्या दोन्ही स्पिंडल मात्र नुसत्या नळ्यांत बसवलेल्या असतात. ग्रीस न देता वापरल्यामुळे आमच्या यंत्रातल्या नळ्या झिजून लांबट झाल्या होत्या. स्पिंडल हाताने धरून हलवली तर सहज दोन सूत खेळ होता. दोन सूत म्हणजे पाव इंच. सावकाश चालताना हा खेळ कळतही नाही, पण वेगात चाक थरथरू लागले की स्टिअरिंग हातातून सुटू पाहते. मग नळ्या मोठ्या करून गनमेटलचे बुश दाबून बसवले, ग्रीसला निपल दिले, आणि स्टिअरिंगच्या दांड्यांना वाकवलेल्या टोकांऐवजी बॉल जॉइंट लावले. तेवढ्यातच स्पिंडल वेल्ड करून वर घेतल्या, त्यामुळे पुढची बाजू तीन इंच खाली बसली. माणूस या यंत्रावर उंचावर आणि मागच्या बाजूला बसतो, आतले मागचे चाक वळणावर उचलले जाते, आणि त्यामुळे उलटण्याची भीती मोठी; सीट खाली आणि चाके फाकवून बाहेर, हा त्यावरचा सरळ उपाय.

आता इंजिन. सर्वांना घाई असते ती गव्हर्नर काढण्याची. गव्हर्नर म्हणजे फेरे 3600 च्या वर जाऊ न देणारी व्यवस्था, आणि ती तार सैल करायला पक्कड पुरते. पण फेरे दीडपट झाले की कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्यावर, येणारी ओढ दीडपट वाढत नाही, सव्वादोनपट वाढते, कारण ती फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात चढते. अशा अनेक इंजिनांतला रॉड ॲल्युमिनियमचा, बेअरिंगशिवाय सरळ क्रँकवर फिरणारा असतो, आणि तो तुटला की क्रँककेसला खिडकी पाडूनच बाहेर येतो. त्याहून वाईट फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाला फिरणारे जड चाक, ते पुष्कळदा बिडाचे असते. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांना मी काय सांगावे, बीड दाब सोसते, ताण सोसत नाही. जास्त फेऱ्यांना बिडाचे फ्लायव्हील फुटले तर त्याचे तुकडे बाँबसारखे सुटतात, आणि हे फ्लायव्हील चालवणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर फिरत असते. ऊस भिजवणाऱ्या ऑइल इंजिनांवर ज्या शहराचे हात तयार झाले, तिथल्या जुन्या मिस्त्रींना हे वेगळे शिकवावे लागत नाही. म्हणून आम्ही गव्हर्नर जागेवर ठेवला. पोलादी फ्लायव्हील आणि घडीव रॉड तयार होईपर्यंत तो निघणार नाही, असे मी भाच्याला खडू घेऊन भिंतीवरच लिहून दिले आहे.

एका चुकीबद्दल सांगतो. चालक पडला तर इंजिन बंद व्हावे म्हणून मनगटाला बांधायची एक दोरी असते. तिचे बटण बसवून द्यायला आम्ही एका वायरमनला सांगितले, त्याने ते बॅटरीच्या तारेत बसवले. दोरी ओढली आणि इंजिन आरामात चालूच राहिले. मग लक्षात आले की हे इंजिन मॅग्नेटोवर चालते. ठिणगी फ्लायव्हीलमधल्या चुंबकामुळे पडते, बॅटरी लागते ती फक्त स्टार्टरला. इथे बटणाचे काम घरातल्या दिव्याच्या उलटे असते. कॉइलची तार सांगाड्याला टेकवली की ठिणगी मरते, म्हणजे दोरी निघाल्यावर जोड तुटायला नको, जोड व्हायला हवा. तार नव्याने ओढली, यंत्राची मागची चाके लाकडी ठोकळ्यांवर उचलून घेतली आणि दोरी वीस वेळा ओढून पाहिली. विसाही वेळा इंजिन गप्प झाले.

पुढच्या रविवारी शिरोलीच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाच्या रानात, भुईमूग निघून मोकळ्या झालेल्या सपाट तुकड्यावर, पहिली फेरी मारायची ठरली आहे. हेल्मेट, जाड बूट, हातमोजे आणि आग विझवण्याचा सिलिंडर गाडीत ठेवला आहे. पहिल्यांदा बसणार मी, कारण पुल्यांची अदलाबदल मी केली आहे. भाच्याने तेवढ्या वेळात बॉनेटला भगवा रंग दिला असून, तो अजून ओला आहे.