दाराची सिस्टर

नमस्कार श्रोतेहो.

दुपारचे पावणेदोन. सकाळपाळीच्या सिस्टर चार्ज द्यायच्या घाईत आणि दुपारपाळीच्या नुकत्या येऊन टेकलेल्या. नेमकी त्याच वेळी वॉर्डाच्या फाटकाशी एक जीप थांबते. मागच्या सीटवर मधोमध पंचविशीतला एक मुलगा, एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला चुलता, दोघांनी हात घट्ट धरलेले. आई पुढे बसलेली, मांडीवर कापडी पिशवी. मनोरुग्णालयातली ॲडमिशन हमखास चार्ज बदलतानाच का येते, हे मला पहिली काही वर्षं कोडंच होतं. पुढे उलगडलं. माणसं पहाटे गावातून निघतात, ओपीडीत नंबर लागतो, तपासणी होते, कागद होतात आणि या सगळ्यात दुपार होते. आमच्या ड्युटीचं वेळापत्रक त्यांना कुठून ठाऊक असणार?

अशा वेळी त्या मुलाला वॉर्डात घेणार कोण? जिच्या अंगावर आधीच पन्नास पेशंट आहेत, औषधांची ट्रॉली अर्धी वाटून झालीय आणि कोपऱ्यात कुणीतरी ओरडतंय, तीच सिस्टर. ती उभ्याउभ्या चार प्रश्न विचारते. हेच प्रश्न ओपीडीत झालेले असतात, डॉक्टरांनी विचारलेले असतात, केसपेपर करणाऱ्यानंही विचारलेले असतात. चौथ्यांदा सांगताना त्या आईचं रडणंही आटलेलं असतं. आणि जे विचारायला हवं होतं, ते नेमकं राहून जातं.

मी तीस वर्षं मनोरुग्णांची परिचारिका म्हणून काम केलं. त्यातली दोन वर्षं माझ्याकडे वेगळंच काम होतं, फक्त ॲडमिशन आणि डिस्चार्ज. वॉर्डातला एकही पेशंट माझ्या नावावर नाही. एक टेबल, तीन खुर्च्या, एक फोन आणि एक जाड वही. आमच्या मावशींनी मला नाव ठेवलं, दाराची सिस्टर. आज बोलायचंय ते या दाराच्या सिस्टरबद्दल.

जीपमधला तो मुलगा आला तेव्हा दाराशी मीच होते. त्याला आधी पाणी दिलं. नातेवाइकांशी नंतर, पहिल्यांदा त्याच्याशीच बोलायचं, हा माझा शिरस्ता होता. “जेवलास का रे?” एवढंच. त्यानं मान हलवली. मग आईला बाजूला घेऊन विचारलं, दारू पितो का, आणि शेवटची कधी घेतली? हा प्रश्न नातेवाइकांना अपमानाचा वाटतो. पण रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम सुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होतात, अंग तापतं, कधी जिवावरही बेततं. वेड वाढलं असं वाटतं आणि असतं वेगळंच. तशीच डोक्याला लागल्याची चौकशी, तापाची चौकशी. म्हातारं माणूस दोन दिवसांत एकाएकी बरळायला लागलं, तर आधी लघवी तपासायची, साखर तपासायची. मनाचा आजार हे निदान अशा वेळी सगळ्यात शेवटी.

मग सामानाची नोंद. त्या दिवशीचं पान मला अजून दिसतं. मोबाईल एक, काच फुटलेली. रोख एकशे चाळीस रुपये. पट्टा एक. उजव्या मनगटाला काळा दोरा. पट्टा आणि दोरा काढून घ्यावाच लागतो, कारण गळफासाची भीती असते. पूर्वी आम्ही कात्री आणून दोरा कापायचो आणि कचऱ्यात टाकायचो. मीही टाकलाय. एक बाई बऱ्या होऊन घरी निघाल्या तेव्हा मला म्हणाल्या, “इंजेक्शन विसरले सिस्टर, पण तुम्ही माझा दोरा टाकलात, ते नाही विसरले.” तेव्हापासून मी विचारायला लागले, हा कुणी बांधला? मुलगा म्हणाला, “आज्जीनं.” गाठ सोडवून दोरा पाकिटात घातला, पाकिटावर त्याचं नाव घातलं आणि त्याच्यासमोरच कपाटात ठेवला. त्यानं चावी फिरताना पाहिली. त्यानंतर तो आपणहून वॉर्डात चालत गेला, मामाला धरावं लागलं नाही.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण लोकांना अजून वाटतं की नातेवाइकांनी सही केली की माणूस आत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली आला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्यात पेशंट स्वतःच्या मर्जीनं दाखल होणं हा पहिला रस्ता आहे. तसा दाखल झालेला माणूस “मला घरी जायचंय” म्हणाला, तर त्याला जाऊ द्यावं लागतं. काळजीचं कारण असेल तर तपासणीसाठी फार तर चोवीस तास थांबवता येतं. ज्याची समज त्या वेळी ठिकाणावर नाही आणि ज्याच्यापासून त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे, त्याला त्याच्या वतीनं बोलणाऱ्या, कायद्यानं मानलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर आणि मनोविकारतज्ज्ञ धरून दोन जणांच्या वेगवेगळ्या तपासणीनंतर दाखल करता येतं, तेही आधी तीस दिवसांपर्यंतच. त्याची खबर याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत द्यायची. बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. कोणत्या पेशंटचा कागद कोणता, कुणाची मुदत कधी भरते, हे वॉर्डातल्या धावपळीत कोण लक्षात ठेवणार? माझ्या वहीत ते लाल शाईनं असायचं.

आता डिस्चार्ज. खरं सांगू? डिस्चार्ज ॲडमिशनच्याच दिवशी सुरू होतो, आणि तोही पत्त्यापासून. आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार मोठी सरकारी मनोरुग्णालयं. येरवड्याचं रुग्णालय १९१५ सालापासूनचं. अशा ठिकाणी बरी होऊनही वर्षानुवर्षं राहिलेली माणसं असतात, कारण घरच्यांनी दिलेल्या पत्त्यावर कुणी राहत नाही आणि फोन लागत नाही. केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवू नये, असं कायदाच म्हणतो. पण न्यायचं कुठे? म्हणून मी पहिल्याच दिवशी आधारकार्डावरच्या पत्त्याखाली आणखी दोन नंबर लिहून घ्यायचे. पोलीस पाटलाचा किंवा रेशन दुकानदाराचा एक, आणि पेशंटला जे माणूस आवडतं त्याचा एक. या मुलाच्या बाबतीत ते माणूस निघालं त्याची मामी. मामा नव्हे हं, मामी.

सोडायच्या दिवशी काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. पाचची एसटी असते, चार वाजता कागद मिळतो, गोळ्यांच्या पुड्या पिशवीत पडतात, “ही सकाळी, ही रात्री” आणि चला. या मुलाला क्लोझापिन नावाची गोळी चालू होती. चांगली गोळी आहे, पण तिचे नखरे फार. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत ना हे पाहायला. आणि दोन दिवसांहून जास्त खंड पडला, तर पुन्हा आधी चालू असलेल्याच डोसानं सुरू करायची नाही. डॉक्टरांना विचारून अगदी थोड्यापासून चढवत न्यायची. आपल्याकडे काय करतात? राहिलेल्या गोळ्या एकदम देतात, भरपाई म्हणून! म्हणून मी आईला सांगून थांबायचे नाही, आईकडून वदवून घ्यायचे. “पुडी पुरात वाहून गेली, तीन दिवस गोळी नाही, तर काय कराल?” ती म्हणाली, “तुम्हाला फोन करीन.” तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. रक्त कुठे तपासायचं, जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी कोणत्या वारी असते, पुढची चिठ्ठी कोण लिहिणार, हे सगळं एसटीत बसण्याआधी ठरलेलं हवं.

आणि घरी गेल्यावर? इंग्लंडमध्ये मनोरुग्ण वॉर्डातून घरी गेलेल्या माणसाशी ७२ तासांत संपर्क साधायचा असा दंडक आहे. तिथल्या आत्महत्यांच्या नोंदी तपासताना दिसलं की घरी गेल्यानंतरचे पहिले काही दिवस फार धोक्याचे असतात. आम्हाला लोक म्हणायचे, बरा झाला म्हणून तर सोडला, आता कसली भीती? अहो, वॉर्डात त्याच्याभोवती माणसं होती, वेळेवर जेवण होतं. घरी गेल्यावर तो भाऊबंदांच्या नजरा सोसतो, थकलेला हप्ता बघतो.

या पदात सगळं गोडच आहे असं नाही. माणसं कमी पडली की पहिली उचलली जाते ती दाराची सिस्टर. “आज तीन नंबरला जा, दाराशी काय, कुणीही बसेल.” मग दोन दिवस वही कोरी. दुसरी अडचण आमचीच होती. वॉर्डातल्या मैत्रिणी हळूहळू म्हणायला लागल्या, घरच्यांचं दाराची सिस्टर बघेल. ज्यांनी महिनाभर पेशंटला भरवलं, त्याच निरोपाला नाहीत! मग ठरलं, सोडताना वॉर्डाची सिस्टर खुर्चीत बसलीच पाहिजे. तिसरी खुर्ची त्यासाठी. आणि ही बाई नुसती फॉर्म भरणारी कारकून झाली, तर मग कारकूनच नेमावा, स्वस्त पडेल.

तुमच्या घरी कुणी नुकतं असं परतलं असेल आणि रात्रीबेरात्री काही सुचेनासं झालं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

त्या मुलाचं राहिलंच. जाताना पाकीट फोडून दोरा हातात दिला, त्यानं तो खिशात टाकला. तिसऱ्या दिवशी मी फोन लावला. आईनं उचलला, मागे कुकरची शिट्टी.

“झोपतो का?”

“झोपतो.”

“गोळ्या कुठे ठेवल्यात?”

“देवाच्या कोनाड्यात. दिवा लावला की देते, म्हणजे इसरत नाही.”

वहीत त्याच्या नावापुढे मी लिहिलं, रात्रीची गोळी दिवेलागणीला. रक्त, बुधवारी.