पायाखाली बघून

नमस्कार श्रोतेहो.

मेलबर्नच्या विमानतळावर उतरले तेव्हा माझी पहिली खरी चौकशी झाली ती माझ्या बुटांची. पासपोर्ट बघून झाला होता, बॅगेतल्या मेतकुटाचा खुलासाही करून झाला होता. सामानात डोंगर चढायचे जुने बूट आहेत, असं मी अर्जावर इमानदारीनं लिहिलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी बूट उलटे केले, तळव्याच्या खाचांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ही माती कुठली? आता काय सांगणार! हरिश्चंद्रगडाची, म्हणाले. त्या बूट घेऊन आत गेल्या आणि पंधरा मिनिटांनी त्यांनी ते असे लख्ख करून आणून दिले, की दुकानातून घरी आणले तेव्हाही ते तसे नव्हते.

मला हसू आलं. आठ दिवसांनंतर हा प्रसंग घडला असता तर आलं नसतं.

आम्ही चौघी मैत्रिणी. कॉलेजात असल्यापासून सह्याद्रीत एकत्र भटकतोय. आता एक डॉक्टरीण आहे, एक बँकेतून निवृत्त झाली आहे, तिसरी लग्न होऊन मेलबर्नला गेली ती तिथलीच झाली आणि चौथी मी. मेलबर्नवालीनं वर्षानुवर्षं लावून धरलं होतं, की गुडघे शाबूत आहेत तोवर या. शेवटी एका ऑक्टोबरात, म्हणजे तिकडच्या वसंतात, आम्ही गेलो. व्हिक्टोरिया राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावर एक पायवाट आहे, ग्रेट ओशन वॉक. अपोलो बे या गावात सुरू होते आणि ट्वेल्व्ह अपॉसल्स या समुद्रातल्या सुळक्यांपाशी संपते. लांबी सुमारे १०० किलोमीटर. २००६ साली ती लोकांसाठी खुली झाली. आठ दिवस, सात मुक्काम. पाठीवर तंबू, भांडी, आठ दिवसांचं जेवण. तळांवर आधी जागा राखून ठेवावी लागते आणि तंबू टाकत जाणाऱ्यांनी पूर्वेकडून पश्चिमेकडेच चालायचं, असा नियम आहे. त्यामुळे समुद्र सतत डाव्या हाताला. चुकायची सोयच नाही.

पहिल्याच दिवशी वाटेवर एक चमत्कारिक गोष्ट दिसली. बूट धुवायची जागा. घासायला ब्रश, वर जंतुनाशकाची फवारणी आणि शेजारी पाटी. कारण असं, की तिथल्या मातीतून फायटॉफ्थोरा नावाचा एक रोग पसरतो. डोळ्यांना न दिसणारी, बुरशीसारखी एक चीज झाडाच्या मुळांत शिरते, मुळं कुजवते आणि झाड उभ्याउभ्या सुकतं. ती बाहेरून आलेली आहे आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाते ती चिखलातून. म्हणजे गाडीच्या चाकाला लागून, नाहीतर आपल्या बुटाला लागून. तुमच्यापैकी कुणी बटाटा किंवा टोमॅटो लावत असेल, तर उशिरा येणारा करपा ठाऊक असेल. तो ज्या कुळातला, त्याच कुळातली ही. मग मला विमानतळावरच्या त्या बाईंचं बोट आठवलं. चौघींनी मुकाट्यानं बूट घासले. पुढे अशी जागा आली, की बँकवाली आम्हाला रांगेत उभं करायची, पासबुक भरायला आल्यासारखं.

ऑटवेच्या जंगलात सुरुवातीचे दोन दिवस ओल असते. पुरुषभर उंचीचे नेचे, शेवाळलेले बुंधे आणि जळवा. कोकणात पावसाळ्यात चाललेल्या माणसाला त्यांचं अप्रूप नाही. अप्रूप वाटलं ते एका गोगलगाईचं. रात्री पाऊस झाला होता. सकाळी डॉक्टरीण पुढे चालली होती आणि एकदम एका पायावर थांबली. खाली वाटेच्या मधोमध एक काळीकुळकुळीत गोगलगाय, शंखही काळा, अंगही काळं, वार्निश लावल्यासारखं चमकणारं. ही ऑटवेची काळी गोगलगाय जगात फक्त याच डोंगरपट्ट्यात सापडते. आणि ती पाला खात नाही, मांसाहारी आहे! गांडुळं खाते, दुसऱ्या गोगलगाई खाते. शिकार करणारी गोगलगाय ही कल्पनाच मला फार आवडली. तिचं सावज किती हळू पळत असेल! डॉक्टरणीचा पाय अजून हवेतच होता. लहानपणी आई ओरडायची ना, पायाखाली बघून चाल, ते वाक्य त्या दिवसापासून आमचा मंत्र झालं.

पायाखाली बघायला दुसरंही कारण होतं. टायगर स्नेक. उन्हात वाटेवर ऐसपैस पडलेला असतो. आम्ही घोणस-फुरशांच्या मुलखातल्या, पण त्या कुळातला एकही साप ऑस्ट्रेलियात नाही. तिथले जमिनीवरचे धोकादायक साप नाग-मण्यारीच्या भाऊबंदांपैकी. आम्हाला एक दिसला, आम्ही थांबलो, तो निघून गेला. एवढंच. वरती फांदीवर कुकाबरा मात्र आमच्यावर खदाखदा हसत होता. हा पक्षी म्हणजे आपल्या खंड्याचाच भाऊबंद, पण धिप्पाड, मासे सहसा न धरणारा आणि आवाजाला कसलीही भीड नसलेला.

तिसऱ्या दिवशी केप ऑटवे. इथलं दीपगृह १८४८ साली पेटलं, १९९४ साली विझलं. छान आहे, बघा. पण आम्ही गेलो होतो कोआला बघायला, कारण तिथली मॅना गम नावाची निलगिरीची झाडं म्हणजे कोआलांची वस्ती. बँकवालीनं वही काढली. एक, दोन, पाच, नऊ. झाडाच्या बेचक्यात उशी ठेवल्यासारखे ते बसलेले. दिवसातले अठरा-वीस तास झोपतात, कारण निलगिरीच्या पानांत सत्त्व कमी आणि विष जास्त. ती पचवण्यातच सगळी ताकद जाते. लोक अस्वल म्हणतात, पण अस्वलाशी काही नातं नाही. कांगारूसारखाच पोटाला पिशवी असलेला प्राणी. आणि तो गोजिरवाणा चेहरा बघून फसू नका. रात्री तंबूबाहेर असा घोगरा, घुरघुरता आवाज आला, की मला वाटलं डुक्कर घुसलंय, आणि डॉक्टरीण म्हणाली, कुणीतरी बुलेटला किक मारतंय. तो नर कोआला होता, विणीच्या हंगामात गळा काढणारा.

सकाळी तेविसावर वही थांबली. त्याचं कारण मेलबर्नवालीनं सांगितलं. आजूबाजूला नीट बघा म्हणाली, कोआलांकडे नको, झाडांकडे बघा. कितीतरी झाडं पांढरी फटक होती, एकही पान नसलेली, वाळलेली. कातड्याच्या व्यापारापायी एकेकाळी व्हिक्टोरियातले कोआला जवळजवळ संपले होते. काही थोडे बेटांवर नेऊन वाचवले, तिथे ते वाढले आणि मग तिथून पुन्हा मुख्य भूमीवर आणून सोडले. केप ऑटवेला ते १९८०च्या दशकात आले. जागा मानवली, इतकी मानवली की संख्या वाढत गेली आणि त्यांनी आपली झाडं खाऊन संपवली. मग उपासमार. २०१३ आणि २०१४ साली सरकारनं भुकेनं खंगलेले सुमारे सातशे कोआला इंजेक्शन देऊन मारले. लोकांना हे कळलं ते २०१५ साली आणि मग मोठा गदारोळ उठला. बरोबर की चूक, मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरीण म्हणाली, मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि मग बराच वेळ कुणाशी बोलली नाही. बँकवालीनं वही मिटली. कोआला नंतरही दिसले, पण मोजले नाहीत.

पाचव्या दिवशी जोहॅना बीच. आता मात्र, श्रोतेहो, मी जरा रेंगाळणार आहे.

जोहॅनाचा किनारा म्हणजे आपल्या कोकणातली शांत पुळण नव्हे. दक्षिण महासागराच्या लाटा तिथे पाट्यावर वरवंटा आपटावा तशा येतात, पाण्यात उतरायची छाती होत नाही. आम्ही कोरड्या मऊ वाळूतून, वाळूच्या टेकड्यांच्या कडेकडेनं चाललो होतो. तिथे दोरी बांधलेली दिसली. चार खुंट, एक दोरी, एक पाटी. आत काहीच नाही. नुसती वाळू, थोडं वाळलेलं समुद्रशेवाळ. पाटीवर लिहिलं होतं, की इथे अंडी आहेत, कृपया पाण्याच्या कडेनं, ओल्या वाळूतून जा. पाच मिनिटं डोळे ताणूनही आम्हाला अंडी दिसली नाहीत. दिसला तो पक्षी. आपल्या टिटवीपेक्षा लहान, डोक्यावर काळी टोपी, डोळ्याभोवती लाल कडं, लाल चोच. हूडेड प्लोव्हर. तो आमच्यापासून तुरुतुरु पळत दूर जात होता, मध्येच थांबून मागे बघत होता. म्हणजे उघड होतं, या बायांना इथून लांब न्यायचं चाललं होतं.

हा पक्षी घरटं बांधत नाही. भरतीच्या रेषेच्या वर वाळूत वाटीएवढा खळगा करतो आणि त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी घालतो. वाळूतून वेगळी दिसू नयेत अशीच ती असतात, आणि तोच घोटाळा. जवळजवळ महिनाभर अंडी उबवायची. पिल्लं बाहेर आली, की पहिल्या दिवसापासून स्वतःच धावून पाण्याच्या कडेला किडे टिपतात, पण उडायला पाच आठवडे लागतात. हा सगळा हंगाम ऑगस्ट ते मार्च, म्हणजे नेमका माणसं किनाऱ्यावर सुटीला येतात तेव्हाचा. कोल्हा, कावळा, मोकाट सोडलेला कुत्रा, उधाणाची लाट. आणि आपण. आपण तर वाईटही चिंतत नाही. नुसते चालत असतो. जवळून कुणी गेलं, की पक्षी अंड्यांवरून उठतो, माणूस जाईपर्यंत परतत नाही, आणि तेवढ्यात उन्हानं अंडी तापून जातात.

मला आपली गोष्ट आठवली. टिटवीनं समुद्रकाठी अंडी घातली, समुद्रानं ती नेली. टिटवी म्हणाली, तुला आटवते. पक्षी गरुडाकडे गेले, गरुड विष्णूकडे गेला, आणि समुद्राला अंडी परत करावी लागली. टिटवीदेखील समुद्र आटवते, असं आपण जिद्दीच्या माणसाला म्हणतो. मी ही गोष्ट मैत्रिणींना नव्यानं सांगायची गरज नव्हती, पण दोरीपाशी उभं राहून सांगितली. खरं म्हणजे ही चिमुकली टिटवीच्याच कुळातली. मेलबर्नवाली म्हणाली, इथे गरुडाचं काम पेन्शनर करतात. दर आठवड्याला किनारा चालून घरटी शोधायची, खुंट ठोकायचे, दोऱ्या बांधायच्या, पिल्लं मोजायची, असं बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया या संस्थेचं काम स्वयंसेवक करतात. पेन्शनर म्हटल्याबरोबर बँकवालीनं कान टवकारले.

आम्ही मागे फिरलो, आमच्याच पावलांवर पाऊल ठेवत, आणि ओल्या वाळूत उतरलो. आतापर्यंत अर्धा किलोमीटर आम्ही कशावरून चालत आलो होतो, हा प्रश्न कुणीच मोठ्यानं विचारला नाही.

सहावा दिवस नुसता चढ आणि उतार. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, गुडघ्यांना विचारा. एक एकिडना मात्र भेटला. साळिंदरासारखा काटेरी, पण नळीसारखं तोंड, मुंग्या खाणारा, आणि सस्तन असून अंडी घालणारा. आमची चाहूल लागल्यावर पळाला नाही. जागच्या जागी माती उकरत खाली गेला, वर नुसते काटे ठेवले. मी गेलोय, असं त्याचं म्हणणं.

सातव्या दिवशी रेक बीच. साडेतीनशेच्या वर पायऱ्या उतरून जायचं (बँकवालीनं मोजल्या), आणि तेही ओहोटी असेल तरच. भरतीचं वेळापत्रक आम्ही तांदळाच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. खाली खडकांत दोन जहाजांचे गंजलेले नांगर आहेत. एक मरी गॅब्रिएल, १८६९ साली फुटलं, चहा घेऊन येत होतं. दुसरं फिजी, १८९१ साली. त्यात पियानो आणि खेळणी होती. समुद्रात भिजलेल्या चहाच्या कल्पनेनंच आम्हाला तल्लफ आली, म्हणून तळावर पोचल्यावर आधी स्टोव्ह पेटवला.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी ट्वेल्व्ह अपॉसल्स. चुनखडीचे उंच सुळके, समुद्रानं कड्यापासून तोडून वेगळे केलेले. बारा म्हणतात, पण बारा कधी नव्हतेच. त्यातला एक २००५ च्या जुलैत काही क्षणांत कोसळला. बँकवालीला हिशेब लागेना, तिनं दोनदा मोजले. आठ दिवसांनी एवढी माणसं पाहून आम्ही बावरलो होतो. बसगाड्या, सेल्फी, आइस्क्रीम. आमच्या अंगाचा वास बहुधा लांबून येत असावा, कारण कठड्यापाशी आम्हाला लगेच जागा मिळाली.

सूर्य बुडाला तशी गर्दी गेली. मेलबर्नवालीचा मुलगा गाडी घेऊन आला होता, तो म्हणाला, आई, निघायचं ना, तीन तासांचा रस्ता आहे. ती म्हणाली, थांब रे. खाली पुळणीवर, लाटेच्या फेसातून काही काळे ठिपके बाहेर आले. छोटे पेंग्विन. दिवसभर समुद्रात मासे धरून बिळांकडे परतणारे. लाट मागे हटली की घोळक्यानं पुढे यायचे, घाबरले की पुन्हा पाण्यात, पुन्हा बाहेर. मग एकदाचा धीर करून सगळे वाळूतून निघाले, डुलत, ठेचकाळत, ओझं घेतलेल्या बायांसारखे. आम्ही हसलो, कारण सकाळी चौथ्या चढावर आम्ही अशाच दिसत होतो.

बँकवालीची वही पुन्हा बाहेर आली होती. अंधारात तिला काही दिसत नव्हतं, तरी ती पुटपुटत मोजत होती. एकोणीस, म्हणाली.

गाडीचा हॉर्न वाजला.

"एक मागे राहिलंय," ती म्हणाली. "थांबा जरा."