पोत्यावरची बारीक अक्षरं

सप्टेंबरातलं सोलापूर. मे महिन्यात ४२-४३ अंशांनी भेगाळलेली काळी जमीन आता चपलेला चिकटतेय. इथे पावसाचा खरा जोर असतो तो याच महिन्यात. शहराबाहेरच्या या वस्तीवर, पत्र्याच्या खोलीत, बल्बखाली गिरिराजा जातीच्या कोंबडीची ५० पिल्लं दाटीनं बसलीयत. वय ८ दिवस.

मावशींपुढे खाद्याची दोन पोती आहेत. एक साधं स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य. दुसऱ्याच्या लेबलवर बारीक अक्षरांत 'अँप्रोलियम'. दुकानदार म्हणाला, हेच न्या. जाऊबाई म्हणाल्या, "औषधाचं खाणं घातल्यावर गावरान चव कुठनं यायची?" मावशी आमच्याकडे बघतात. "तुमीच सांगा आता, कुठलं फोडू?" कॅमेरा घेऊन आलेल्यांना सगळं ठाऊक असतं, असा त्यांचा समज असावा.

भीती आहे ती रक्ती हगवणीची, म्हणजे कॉक्सिडिओसिसची. आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीची अंडी विष्ठेतून खाली अंथरलेल्या तुसात पडतात. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकतात. पिल्लू तुसात चोच मारतं, अंडी पोटात जातात, आतड्याचं अस्तर पोखरलं जातं आणि आठवडाभरात त्याच पिल्लाच्या विष्ठेतून हजारोंनी नवी अंडी बाहेर पडतात. ३ ते ६ आठवड्यांचं वय सगळ्यांत नाजूक. पंख पाडून, डोळे मिटून एखादं पिल्लू कोपऱ्यात बसतं, खाली तांबडी विष्ठा दिसते, आणि तोवर बाकीच्यांनाही लागण झालेली असते. फिनेल शिंपडून ही अंडी मरत नाहीत. कडक उन्हात मात्र सुकून जातात.

अँप्रोलियमचं काम मोठं गमतीचं. त्याची घडण बी-१ जीवनसत्त्वासारखी. परजीवी फसतो, ते बी-१ समजून घेतो आणि उपाशी राहतो. हे अँटिबायोटिक नव्हे. २०१९ साली केंद्र सरकारनं कोंबड्यांसाठी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक बंद केलं, तेव्हापासून लोक सगळी औषधं एकाच माळेचे मणी समजतात. खाद्यातल्या कमी मात्रेत थोडी लागण होऊ दिली जाते, म्हणून पिल्लाची स्वतःची ताकदही तयार होते.

पण घोळ होतो तो पोतं घरी आल्यावर. खाद्यात अँप्रोलियमचं नेहमीचं प्रमाण टनाला १२५ ग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात जेमतेम सव्वासहा ग्रॅम. खाद्य पुरवायचं म्हणून मावशी त्यात निम्म्या ज्वारीच्या कण्या मिसळणार होत्या. मात्राही निम्मी झाली असती. शिवाय पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक. त्यात बी-१ असतंच! एका हातानं परजीवीला उपाशी ठेवायचं आणि दुसऱ्या हातानं त्याला ताट वाढायचं.

आणखी एक. औषधाचं खाद्य घातलं म्हणून मानमोडीची लस चुकवणारे कमी नाहीत. मानमोडी विषाणूचा रोग. हे पोतं तिथं काही कामाचं नाही. उलट हॅचरीतून रक्ती हगवणीचीच लस दिलेली पिल्लं आली असतील, तर साधंच खाद्य घालायचं. नाहीतर लस वाया. लेबलवर अँप्रोलियमऐवजी मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही याच रोगावरची दुसरी औषधं असतील, तर दावणीच्या घोड्याला त्या पोत्याजवळ फिरकू देऊ नका, त्याच्या जिवावर बेतेल.

आमचं मत? एप्रिलात, नव्या जागी, कोरड्या तुसावर आम्ही साधं पोतं घेतलं असतं. पण या खोलीत मागची खेप वाढली, तिचं तूसही अजून आहे, बाहेर पाऊस आहे.

मावशींनी दुसरं पोतं फोडलं. ८ आठवडे हेच, न मिसळता, कण्या त्यानंतर. टॉनिकची बाटली फळीवर गेली. "कोंबडी इकायला अजून चार महिने हायत," त्या जाऊबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "तवर कुठलं ऱ्हातंय अंगात औषध!"

मग खाली बसून मूठभर तूस दाबून बघतात. भिंतीकडचं भुरभुरत सुटतं. पाण्याच्या भांड्याखालचं मात्र लाडवासारखं वळतं. भांडं दोन विटांवर चढवून मावशी ओलं तूस घमेल्यात भरतात आणि बाहेर ऊन पडलंय का, ते दारातून वाकून बघतात.