काशीनरेशाची विहीर, इंग्लंडातल्या गावात

नमस्कार श्रोतेहो, पाणी भरून झालं का? आमच्याकडे नळ सकाळी सहाला येतो आणि सातला जातो, त्यामुळे कुणीही भेटलं की माझ्या तोंडात आधी हाच प्रश्न येतो. आजची गोष्टपण पाण्याचीच आहे, फक्त गाव इंग्लंडमधलं आहे. ऑक्सफर्डशायरच्या दक्षिणेला चिल्टर्न नावाच्या टेकड्या आहेत, तिथलं स्टोक रो. परत सांगते, स्टोक रो. छोटंसं गाव, भोवती बीच नावाच्या झाडांची राई, आणि त्याच लाकडातून खुर्च्यांचे पाय नाहीतर तंबूच्या खुंट्या तासून एके काळी पोट भरणारी माणसं.

आता तुम्ही म्हणाल इंग्लंडात कसली आलीय पाणीटंचाई, तिथे तर सारखाच पाऊस. पाऊस पडतो हो, पण ती टेकडी आहे खडूच्या दगडाची, पडलेलं पाणी झिरपत झिरपत पार खोल जातं, वर ना ओढा ना झरा. मग लोक काय करायचे, तर माती काढलेल्या खड्ड्यांत साचलेलं गढूळ पाणी वापरायचे, आणि उन्हाळ्यात खड्डेही आटले की संपलंच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

तर गोष्ट अशी. एडवर्ड रीड म्हणून एक साहेब होते, शेजारच्याच इप्सडेनचे. नोकरी कंपनी सरकारची, सगळी हयात हिंदुस्थानात गेली, 1831 मध्ये त्यांनी आझमगडला लोकांसाठी एक विहीर खोदून घेतली होती. पुढे बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांची चांगली ओळख झाली, आणि असंच बोलता बोलता साहेबांनी आपल्या भागातली हकीकत सांगितली, की तिकडे पाण्याची इतकी मारामार आहे की एका पोराने घरातलं उरलंसुरलं पाणी पिऊन टाकलं म्हणून त्याच्या आईने त्याला बडवून काढलं. बस, एवढीच गोष्ट. पाणी प्यायलं म्हणून पोराला मार.

त्या आईला मी नावं ठेवत नाही हं. आमची आजी 72 च्या दुष्काळात पहाटे तीनला आडावर जाऊन बसायची, तळाशी पाझरणारं पाणी उतरलेला माणूस वाटीवाटीने भरायचा, आणि घरी आल्यावर प्रत्येकाला फुलपात्राने मोजून मिळायचं, दुसऱ्यांदा मागितलं की आजी काही न बोलता नुसती बघायची. तिचं ते बघणं आई अजून सांगते. हंड्याचा तळ दिसायला लागला की माया कमी होत नाही पण हात उठतो, हे तहानलेल्या गावात राहिलेल्यालाच कळतं.

तर महाराजांच्या डोक्यातून ते पोर काही जाईना. रीडसाहेब 1860 मध्ये मायदेशी परतले, आणि महाराजांना जेव्हा इंग्लंडात काहीतरी दानधर्म करावासा वाटला तेव्हा त्यांना आझमगडची विहीर आठवली आणि हे मार खाल्लेलं पोर आठवलं. निरोप गेला, स्टोक रोला विहीर खणा, खर्च माझा. (1857 मध्ये हे महाराज इंग्रजांच्या बाजूने राहिले होते, ते मला पटत नाही आणि पटणारही नाही, पण पाणी दिलं ते दिलं.)

1863 मध्ये काम सुरू झालं. रुंदी फक्त चार फूट, आणि खोली 368 फूट, सगळी हाताने खोदलेली. कानावर नीट पडू दे, तीनशे अडुसष्ट फूट! आपलं गेटवे ऑफ इंडिया आहे ना, तसे एकावर एक चार उलटे पुरले तरी तळ लागणार नाही. 24 मे 1864 ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी विहीर गावाला खुली झाली, पाणी सगळ्यांना फुकट. वर लोखंडी खांबांवर घुमट, खाली पाणी ओढायचं चाकांचं यंत्र, आणि त्या यंत्रावर सोनेरी हत्ती. राखणदाराला छोटंसं आठ कोनी घर, आणि देखभालीला पैसा यावा म्हणून शेजारी चेरीची बाग. हे फार शहाणपणाचं केलं. आपल्याकडे पाणपोईचं उद्घाटन होतं, फोटो निघतात, आणि वर्षभरात नळाची तोटी गायब. मला तर अजूनही एसटी स्टँडवर पाण्याची बाटली विकत घेताना हात जड होतो, पाणी काय विकायची वस्तू आहे का? आपल्या मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनींनीसुद्धा लंडनच्या रीजेंट्स पार्कात पिण्याच्या पाण्याचं कारंजं दिलंय, 1869 मध्ये, ते अजून उभं आहे. असो, भरकटले.

पुढे स्टोक रोला घरोघरी नळ आले, विहीर वापरातून गेली, पण गावाने ती जपली. 1964 मध्ये शंभरी झाली तेव्हा राणी एलिझाबेथचे यजमान प्रिन्स फिलिप आले होते, आणि काशीहून आणलेलं गंगेचं पाणी त्या विहिरीत ओतलं.

जाता जाता एक. आजोळच्या आडात आम्ही चोरून खडा टाकायचो, "एक" म्हणेपर्यंत डुबुक! स्टोक रोच्या विहिरीत टाकलात तर जवळपास पाच सेकंद लागतील. मोजा माझ्याबरोबर. एक... दोन... तीन... चार... पाच...