पाच तासांचं काय करायचं?

नमस्कार श्रोतेहो. मी केमिस्ट्री शिकवतो, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. कॉलेजचं नाव सांगत नाही, उगाच उद्या केबिनमध्ये बोलावणं यायचं. मला बोलायला विषय दिलाय तो असा की प्राध्यापकाने कॉलेजात किती वेळ असायला पाहिजे. आमच्या घरात हा विषय दर दिवाळीला निघतोच. मेव्हणा फराळाचं ताट हातात घेतो आणि सुरू करतो, तुमचं काय बुवा, दोन लेक्चर घेतली की घरी, वर उन्हाळ्याची सुट्टी. आधी मी चिडायचो, आता चकली उचलतो आणि त्याला नियम सांगतो. तोच तुम्हालाही सांगतो.

यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, २०१८ चं रेग्युलेशन आहे. त्यात लिहिलंय की पूर्णवेळ शिक्षकाचं काम आठवड्याला ४० तासांपेक्षा कमी नको, वर्षाला ३० आठवडे, म्हणजे १८० शिकवण्याचे दिवस. रोज किमान ५ तास कॉलेजात हजर पाहिजे. असिस्टंट प्रोफेसरने आठवड्याला १६ तास शिकवायचं, असोसिएट आणि प्रोफेसरने १४. आणि रोजचे किमान २ तास लायब्ररी, संशोधन, समाजकार्य, विद्यार्थ्यांचे उपक्रम असल्या कामांना द्यायचे.

आता हिशोब मांडा. आठवड्याचे सहा दिवस, रोज ५, झाले ३०. त्यातले १६ वर्गात गेले. रोजचे २ म्हणजे १२ ते गेले. राहिले किती, तर दोन. आठवड्याला दोन तास! त्यात नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, तपासणीच्या फायली, परीक्षेचं सुपरव्हिजन, स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सह्या, आणि ज्याला वर्गात काही कळलं नाही तो पोरगा. हा पोरगा त्या नियमात कुठे बसतो ते मी बरेच वेळा शोधलं. नियम करणारे म्हणतील पाच तास हे किमान आहेत, जास्त थांबायला कोणी नको म्हटलंय, आणि ते खरंच आहे म्हणा.

पण मी त्या पाच तासांच्या बाजूचा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल मास्तर रडगाणं गातोय. कॉलेजात थांबलं पाहिजे, वादच नाही. हे मला पटलं ते लॉकडाऊनमध्ये. थिअरीचं लेक्चर झूमवर बरं चालायचं, खोटं कशाला बोलू, काही पोरं तर रेकॉर्डिंग दोनदा ऐकायची. यूजीसीने २०२१ मध्ये मसुदाच काढला होता की ४० टक्क्यांपर्यंत शिकवणं ऑनलाइन असायला हरकत नाही, माझीही तेवढ्याला हरकत नव्हती. अडलं ते टायट्रेशनला, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून मोजायच्या प्रयोगाला. फिनॉल्फ्थॅलिन टाकलेल्या फ्लास्कमध्ये रंग फिकट गुलाबी झाला की थांबायचं, तो एंड पॉइंट. एक थेंब जास्त पडला की गडद, रीडिंग गेलं. मी घरच्या किचनमध्ये ब्युरेट, म्हणजे थेंब सोडायची खुणांची नळी, लावून मोबाइलवर दाखवत होतो आणि पाटणच्या डोंगरात नेटवर्कसाठी टाकीवर चढून बसलेला पोरगा विचारत होता, सर मला सगळं पांढरंच दिसतंय, लिहू का २० मिली? मी म्हटलं लिही. काय करणार.

मग २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं उघडली आणि एसवायची पोरं लॅबमध्ये आली. दुसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजात ब्युरेट पहिल्यांदा धरत होती. डाव्या हाताने कॉक फिरवायचा, उजव्या हाताने फ्लास्क हलवत राहायचं. हे सांगून येत नाही, शेजारी उभं राहून मनगट धरून दाखवावं लागतं. त्या महिन्यात मी घरी लवकर गेलोच नाही, कोणी थांबायला सांगितलेलं नव्हतं तरी.

तर थांबायला पाहिजे हे कबूल. आता थांबायचं कुठे ते बोलू. त्याच रेग्युलेशनमध्ये पुढे लिहिलंय की या कामासाठी लागणारी जागा आणि सोयी कॉलेजने द्यायच्या, हे वाक्य मात्र मीटिंगमध्ये कोणी मोठ्याने वाचत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही २२ जण आणि खुर्च्या १४, त्यातली एक प्लास्टिकची, तिचा पाय मोडलाय म्हणून भिंतीला टेकवलेली. गेटवर मात्र हजेरीचं, थंबचं मशीन नवं कोरं. सकाळी रांग, संध्याकाळी रांग, आणि माझा अंगठा ॲसिडने इतका घासलाय की मशीन चौथ्या वेळेला घेतं. मधल्या वेळात मी नेमका कुठे आहे, लॅबमध्ये का कँटीनला का गाडी लावून झाडाखाली झोपलोय, ते त्याला कळत नाही आणि ते विचारतही नाही.

झोपणारे आहेत हो, नाही असं नाही. अप-डाऊनवाले पण आहेत, ज्यांचं अर्धं लक्ष एक चाळीसच्या गाडीकडे असतं. त्यांना शिव्या घालणं सोपं आहे, पण मास्तरची नोकरी इथे, बायकोची पुण्यात, पोरांची शाळा तिथेच, मग माणूस गाडीच पकडणार. मला राग येतो तो वेगळ्यांचा, जे गावातच राहतात आणि थंब दिला की प्लॉटिंगच्या धंद्यावर जातात. असू दे.

मोठ्या माणसांशी हे बोललं की ते जुना काळ काढतात. गोखले बघा, परांजपे बघा. खरंय, पुण्याचं फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य २० वर्षं तिथेच शिकवायचं बांधून घेत होते, महिना ७५ रुपयांवर, आणि १८९९ ला केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले, आलेले परांजपेसुद्धा परत येऊन फर्ग्युसनमध्येच शिकवायला उभे राहिले. पण ते आजीव सदस्यच संस्था चालवायचे ना! घर त्यांचं होतं, घरात किती तास असता असं त्यांना कोण विचारणार? आज ज्याला विचारतात त्याची ऑर्डर कित्येकदा अकरा महिन्यांची पण नसते.

आता येतो सीएचबीवर, तासिका तत्त्वावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कायमच्या जागा भरलेल्या नाहीत म्हणून तासावर माणसं घेतात, जेवढे तास घेतले तेवढे पैसे. आपल्याकडची बरीच कॉलेजं यांच्यावरच चालतात. मी स्वतः सहा वर्षं केलंय. एका कॉलेजात ९ तासिका, दुसऱ्या कॉलेजात उरलेल्या, मधलं अंतर २६ किलोमीटर, आणि हिरो होंडा. डबा खायला जागा नाही म्हणून पेट्रोलपंपाच्या मागे खायचो. बिल निघायचं वर्षाच्या शेवटी. लेक्चर संपलं की पोरं घोळका करून यायची आणि मी घड्याळ बघत बघत हेल्मेट घालायचो, त्यांना वाटायचं सरांना इंटरेस्ट नाही. यूजीसीने २०१९ मध्ये पाहुण्या शिक्षकांना तासाला १५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार असं ठरवलं. आपल्याकडे हातात पडतात ते त्याहून कमीच. मग ज्याला तासाचेच पैसे आहेत त्याला पाच तास थांब कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि नाही म्हटलं तर पोरांचं काय?

मी कायम झालो तेव्हा लॅबबाहेरच्या व्हरांड्यात एक जुना बाक ओढून ठेवला. बुधवारी आणि शुक्रवारी दोन ते तीन मी तिथे बसतो, तसा कागद चिकटवला. पहिले तीन आठवडे कुत्रं आलं नाही, म्हणजे एक खरोखरचं कुत्रं आलं, ते बाकाखाली झोपायचं. मग एफवायचा एक जण कराडच्या गाडीचं विचारायला आला, गाडीला वेळ होता म्हणून बसला, आणि बसल्या बसल्या मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटी एकच का हो सर म्हणाला. पाऊण तास गेला. गाडी चुकली त्याची.

आता गर्दी असते. आमच्याकडे सीएचबीवर एक मॅडम आहेत, फिजिकल केमिस्ट्री घेतात, त्याही येऊन बसायला लागल्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मी म्हटलं मॅडम तुमचं लेक्चर साडेबाराला संपतं, तुम्ही कशाला थांबता, जा की घरी. त्या म्हणाल्या, सर पोरं येतात ना. खरंच येतात, माझ्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त. परवा ऑफिसात त्यांचं महिन्याचं तासिकांचं बिल भरलं जात होतं, मी शेजारीच उभा होतो. क्लार्कने विचारलं, मॅडम एकूण किती तास? त्यांनी वहीत बघून लेक्चरचे सांगितले तेवढेच. बाकावरचे तास लिहायला त्या फॉर्मला रकानाच नाहीये.