हाडांवरचे तीन डाग

(दृश्य : हाडांच्या स्कॅनची फिल्म. कॅमेरा पाठीच्या कण्यावरून खाली सरकतो.)

हाताच्या शिरेतून टेक्नेशियम या किरणोत्सर्गी औषधाचं इंजेक्शन. मग दोन-तीन तास नुसतं बसायचं आणि पाणी पीत राहायचं. हाडात जिथे गडबड चाललेली असते तिथे हे औषध जास्त गोळा होतं, आणि फिल्मवर काळा डाग उमटतो. या फिल्मवर मणक्यात दोन, खुब्यात एक. एकूण तीन.

हे डाग प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरचे. तो हाडात उतरला की मूळ गाठीच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. कॅन्सर पुढे निघून गेला, आता प्रोस्टेटला रेडिएशन म्हणजे वरातीमागून घोडं! भर सगळा हार्मोन रोखण्यावर. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तोडलं की हा कॅन्सर मागे हटतो, हे शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे हार्मोन तोडायला इंजेक्शनं घ्यायची, नाहीतर ऑपरेशन करून अंडकोष काढायचे. एकदाच होतं, स्वस्तात होतं, म्हणून आपल्याकडे अजूनही बरेच जण ऑपरेशनला तयार होतात. पण दबलेला कॅन्सर बहुतेकदा पुन्हा डोकं वर काढतो.

१९९५ मध्ये शिकागोतच हेलमन आणि वाइक्सेलबाउम या दोघांनी वेगळा विचार मांडला. एका जागचा कॅन्सर आणि अंगभर पसरलेला कॅन्सर यांच्या मधे एक टप्पा असतो, मोजक्याच ठिकाणी पोचल्याचा. तिथे अजून काही करता येईल. कल्पना छान होती. पुरावा यायला मात्र वीसेक वर्षं गेली.

(दृश्य : रेडिएशनची खोली.)

पुरावा आला ब्रिटनच्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीतून. २०१३ ते २०१६ या काळात ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमधले २,०६१ पुरुष, सगळ्यांचा कॅन्सर पसरलेला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला प्रोस्टेटवर रेडिएशन. रोज एक असे चार आठवडे वीस डोस, किंवा आठवड्याला एक असे फक्त सहा. तालुक्याच्या गावाहून शहरात येणाऱ्याला हा दुसरा हिशेब किती सोयीचा, ते वेगळं सांगायला नको. मूत्राशय भरलेलं ठेवून टेबलावर पडायचं. त्वचेवरच्या बारीक खुणांवर लेझरची रेघ जुळवतात, यंत्र भोवती फिरतं, काही मिनिटांत काम होतं. दुखत काहीच नाही.

२०१८ मध्ये निकाल आला. सगळे मिळून पाहिले, तर आयुष्यात फरक नाही. पण पसरण कमी असलेल्यांचे आकडे वेगळे पाहायचे, हे निकाल उघडण्याआधीच ठरलं होतं. त्या ८१९ जणांत तीन वर्षांनी हयात असलेले ७३ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर गेले. पसरण जास्त असलेल्यांत ५४ आणि ५३. म्हणजे शून्य फायदा. घोडं वरातीला गाठू शकतं, पण वरात छोटी असेल तरच.

नंतर युरोपातल्या ‘पीस-१’ चाचणीने हुरूप थोडा आवरला. अबिरॅटरोनसारखं, हार्मोन आणखी दाबणारं नवं औषध सोबत असताना रेडिएशनमुळे आयुष्य वाढल्याचं तिथे स्पष्ट दिसलं नाही. मात्र पुढे लघवी तुंबण्यासारखे गंभीर त्रास कमी झाले. नळी लावून महिनोन्महिने काढलेल्या माणसाला विचारा, ही गोष्ट लहान आहे का.

(दृश्य : तोच सांगाडा, आता पीएसएमए पेट स्कॅनवर, रंगीत.)

पण ‘कमी पसरण’ ठरवायची कशी? यकृत-फुप्फुसं मोकळी हवीत, आणि हाडांवरचे डाग तीनपर्यंत. मणका आणि कंबरेच्या हाडापुरतेच असतील तर जास्तही चालतात. ही मोजणी जुन्या स्कॅनवरची. पीएसएमए पेट हा प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरचं पीएसएमए नावाचं प्रथिन हेरणारा नवा स्कॅन, तो त्याहून बारीक दाखवतो. तिथे तीनाचे सात होऊ शकतात. माणूस तोच, कॅन्सर तेवढाच. म्हणून केवळ पेटवर डाग वाढले म्हणून रेडिएशन नाकारायचं नाही, असं बरेच तज्ज्ञ मानतात, आणि जुना हाडांचा स्कॅनही शेजारी ठेवून पाहतात.